अमोसभाऊंचं उरलेलं वाक्य

किर्यात मलाखी
रविवार, १२ ऑक्टोबर १९९७

चि. लिआत,

तुला आणि हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या सुमनबाईंना, दोघींना माझे आशीर्वाद.

सुमनबाई, तुमची-माझी ओळख नाही. लिआत फोनवर म्हणाली की माणगावात तिच्यासोबत वाघमारे आडनावाच्या एक शिक्षिका असतात आणि कातकरवाडीवर लोक जे बोलतात ते तिला इंग्रजीत करून सांगतात. मी तिची आई, जेमायमा. आम्ही कोकणातले ज्यू, इकडे येऊन राहिलेले. माझं माहेर म्हसळ्याचं, म्हणजे तुमच्या अगदी शेजारचं. आमच्या या मुलीला मराठी कळतं ते स्वयंपाकघरापुरतं. जेव, मीठ आण, झोप आता, गधडे कुठली. वाचायला मी शिकवलं नाही, ती चूक माझी. तेव्हा पत्रं तुम्हीच तिला वाचून दाखवा. मध्येच हसू आलं तर खुशाल हसा, पण वाक्य गाळू नका.

लिआत, तू विचारशील, इमा (सुमनबाई, हिब्रूत आईला इमा म्हणतात), फोन असताना पत्र कशाला? फोनवर आपण हिब्रू बोलतो. माझं हिब्रू लोणच्याच्या कारखान्यात शिकलेलं. त्यात पगार, औषध आणि बसची वेळ एवढंच मला धड सांगता येतं. तू "सगळं ठीक?" म्हणतेस, मी "ठीक" म्हणते, आणि संपलं. मराठीत मला इतक्या लवकर थांबता येत नाही, हे तुझे बाबा तुला सांगत असत.

काल उपास झाला. आमच्या लहानपणी याला दारफाळणी म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवसाला शिळा सण. आज तो शिळा सण. सकाळी पुऱ्या केल्या आणि चार घरी दिल्या. अमोसभाऊंकडे मात्र गेले नाही.

सुमनबाई, अमोसभाऊ म्हणजे लिआतच्या बाबांचे दोस्त, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आमच्या वस्तीच्या खाली एक ओहोळ आहे. वरच्या संत्र्यांच्या बागांचं पाणी झिरपत तिथे येतं, म्हणून उन्हाळ्यातही ओल राहते. या रखरखीत मुलखात ओल म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला नाही कळायचं. अमोसभाऊंनी तिथे पहिल्यांदा अळू लावलं. त्यांच्या बायकोने, हानाने, कंद ओल्या फडक्यात गुंडाळून मुंबईहून बोटीने आणले होते. मग आम्ही सगळ्यांनीच वाफे घातले. अळू, अंबाडी, मेथी, एक शेवगा. बारा वाफे, बारा म्हातारी माणसं. जमीन सरकारची, कागद कुणाकडेच नाही. संध्याकाळी सगळे तिथे जमतो, आणि तेवढा वेळ पूर्ण मराठीत बोलतो. घरी नातवंडांशी बोलायचं तर अर्धं हिब्रू लागतंच.

लिआत, तुझ्या कामाचे लाल-पांढरे खुंट आलेत. वाफ्यांमधून एका सरळ रेषेत ठोकलेत. एक हानाच्या अळवात आहे.

अमोसभाऊ हल्ली माझ्याशी बोलत नाहीत. वय झालंय, दुसरं काय.

तुझ्या निरोपाच्या जेवणाला मी यरुशलेमला आले नाही म्हणून तू विमानतळावर तोंड फिरवलंस. अगं, गुडघा धरला होता. बसमध्ये दोन तास कशी बसले असते?

पाणी उकळून पी. कातकरी बायकांनी मध दिला तर घे. माझ्या बाबांच्या ओटीवर त्या मध घेऊन यायच्या, तसा मध मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

तुझी
आई


किर्यात मलाखी
९ नोव्हेंबर १९९७

लाडके लिआत,

तुझं पत्र आलं. ओरनाने मला वाचून दाखवलं, कारण तुझं हिब्रू हस्ताक्षर डॉक्टरपेक्षा वाईट आहे. सुमनबाई, ओरना ही अमोसभाऊंची पुतणी, इथल्या इरियामध्ये म्हणजे नगरपालिकेत कारकून आहे.

तू लिहितेस की वाडीवरच्या बायका तुझ्यासमोर बोलतच नाहीत. तिथे होणाऱ्या कालव्याबद्दल विचारलं की पदर तोंडाशी धरून मान हलवतात, आणि ती मान हो म्हणते की नाही ते कळत नाही. तू त्यांना आपल्या वस्तीची गोष्ट सांगितलीस, की परदेशी बँक पैसे देते तेव्हा तिचा नियमच असतो, ज्यांच्या दारात काम होणार त्यांना आधी विचारायचं, आणि माझ्या आईच्या गावी म्हातारी माणसं किती मोकळेपणाने बोलली. आणि आता मला विचारतेस, "इमा, तू त्यांना कसं बोलतं केलंस? इथेही तसं करू?"

नको गं बाई. इथेच सांगते, तसं करू नकोस.

थांब, आधीपासून सांगते. सुमनबाई, मार्चमध्ये ही माझ्याकडे आली. म्हणाली, ओहोळ बंदिस्त करून वर रस्ता करायची योजना आहे, कर्ज परदेशी बँकेचं आहे, आणि लोकांना विचारायचं काम तिच्या कंपनीला मिळालंय. नोकरी नवीन, सहा महिन्यांच्या बोलीवर. बँकेचा साहेब स्वतः येणार, त्याला इंग्रजीच कळतं, आणि आमचे म्हातारे महत्त्वाचं काही बोलायचं झालं की मराठीवर येतात. "इमा, तू मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलीस ना, तू सांगशील का त्याला?"

मला काय वाटलं ते सांगते. अमोसभाऊ इथे आले तेव्हा त्यांना बंदरावर ट्रकमध्ये बसवलं होतं. यरुशलेमच्या बाजूला नेतो म्हणाले आणि इथे माळावर उतरवलं. आम्ही मागून आलो, आमचंही तेच. पुढे हे कोकणातले लोक खरे ज्यू का, लग्नाला योग्य की नाहीत यावर इथले मोठे धर्मगुरू बोलत बसले, तेव्हाही आम्हाला कुणी विचारलं नाही. कारखाना बंद केला तेव्हा नाही, बसथांबा हलवला तेव्हा नाही. आणि आता कुणीतरी वही घेऊन दारात उभं आहे, तुमचं काय म्हणणं म्हणून, आणि ती माझी मुलगी! मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

तुला नोकरी लागली तर मलिदा करीन असं मी एलियाहू हन्नाबीला, म्हणजे आमच्या संदेष्ट्याला, नवस बोलले होते. साहेब ज्या दिवशी येणार, नेमका तोच दिवस मी मलिद्याला धरला. माझी अक्कल! सुमनबाई, मलिदा म्हणजे आमचा नैवेद्य. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं. प्रार्थना म्हणून सगळ्यांना वाटतात. मलिद्याला बोलावलं की कुणी नाही म्हणत नाही. वाफेवाले सगळेच्या सगळे आले, इस्त्रीचे कपडे घालून.

आता सांग, ज्या मुलीच्या नोकरीचा मलिदा खाल्ला, तिच्या कामाला तोंडावर नाही कोण म्हणणार? त्यांनी तुला आशीर्वाद दिले. "पोरीला यश येवो, देव तिला मोठी करो." मी साहेबाला तसंच सांगितलं, आणि साहेबाने काय लिहून घेतलं ते मला तेव्हा दिसलं नाही.

नंतर दिसलं. ओरनाने तुमच्या अहवालाची झेरॉक्स आणून दिली. चौदाव्या पानावर माझ्या ताटाचा फोटो, डाळिंबासकट. खाली लिहिलंय, वस्तीतल्या वृद्ध रहिवाशांनी पारंपरिक विधी करून योजनेला आशीर्वाद दिला.

ही झेरॉक्स मला तुझ्या निरोपाच्या जेवणाच्या आदल्या दिवशी मिळाली. गुडघा वगैरे काही नव्हता गं. तिथे सगळे तुझ्या त्या अहवालाचं कौतुक करणार होते, त्यावरच तुला भारतातलं काम मिळालं होतं, आणि माझ्याच्याने तिथे बसवलं नसतं.

आणखीही एक आहे. आज नको. बोटं दुखतात.

आई


१६ नोव्हेंबर १९९७

लिआत,

बोटं दुखत नव्हती.

सुमनबाई, इथून पुढचं हळू वाचा. आणि तिचा चेहरा बघून मध्ये थांबावंसं वाटलं तरी थांबू नका. मी तिचा चेहरा बघितला म्हणूनच सगळं झालं.

लिआत, त्या दिवशी सगळ्यांचं बोलून झाल्यावर अमोसभाऊ उभे राहिले. त्यांनी टोपी नीट केली. तू कोपऱ्यात वही घेऊन बसली होतीस आणि ओठ चावत होतीस, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी चावायचीस तशी. अमोसभाऊंनी घसा खाकरला आणि मला कळलं, हा माणूस आता काय बोलणार. चाळीस वर्षं ओळखते मी त्यांना. मी तुला म्हटलं, "लिआत, आतली सफरचंदं काप जा, कमी पडतायत." फळं कमी नव्हती. तुला तेवढं मराठी कळलं असतं, म्हणून तुला आत पाठवलं.

अमोसभाऊ म्हणाले ते असं. शब्दन् शब्द लिहिते, कारण तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

"पोरी, तुझं काम फत्ते होवो, देव तुला मोठी करो. पण नाला वरच्या अंगाने न्या, आमच्या अळवावरून नको. आम्हाला इथे आणून टाकलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आज तू विचारलंस म्हणून सांगतो. नाही."

साहेब माझ्याकडे बघत होता. मी त्याला इंग्रजीत सांगितलं, "हे म्हणतात, देव मुलीला मोठी करो आणि तिचं काम यशस्वी होवो."

"एवढंच?" साहेब म्हणाला. "बरंच लांब बोलले ते."

"म्हातारी माणसं," मी म्हटलं, "घोळवून बोलतात."

साहेब हसला. अमोसभाऊही हसले, त्यांना वाटलं आपलं म्हणणं पोचलं. जाताना दारात मला म्हणाले, "जेमा, सगळं सांगितलंस ना?"

मी हो म्हटलं.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि पुढे सप्टेंबरपर्यंत अळवाला पाणी घालत राहिले. मग खुंट आले. त्या संध्याकाळी मी वाफ्यावर गेले तर ते हानाच्या अळवातल्या खुंटाजवळ उभे होते. माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा डबा उचलून घरी गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. उपास लागायच्या आधी ज्याचं मन दुखावलं त्याची माफी मागायची असते. मी त्यांच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत आले.

मी हे का केलं? तुझी नोकरी कच्ची होती म्हणून. तू ओठ चावत होतीस म्हणून. मी जन्मभर लोणच्याच्या बरण्या पुसल्या आणि माझी मुलगी साहेबाच्या शेजारी बसली होती म्हणून. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि तरी अळू अमोसभाऊंचं होतं, ते वाटून टाकायचा हक्क मला नव्हता.

ओरना म्हणते, इथला हिवाळ्यातला पाऊस ओसरला की फेब्रुवारीत बुलडोझर येणार. वस्तीने हो म्हटल्याचा कागद बँकेकडे आहे, तो खोटा आहे हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगू शकणारी दोनच माणसं, मी आणि तू. माझं कोण ऐकणार? अहवालात माझं नाव 'दुभाषी' म्हणून आहे, आडनावाशिवाय. दुभाषी तुझी आई आहे हेही त्यात नाही. तू ते सांगितलंस तर तुझ्या नोकरीचं काय होईल ते मला कळतं. न सांगितलंस तर अळवाचं काय होईल तेही कळतं.

मी तुला काही कर म्हणत नाही. नाही, हेही खोटंच. म्हणते आहे. कर.

तू माझी फार लाडकी आहेस. ते या सगळ्यात कुठेच बदलत नाही.

आई


२१ डिसेंबर १९९७

सुमनबाई,

हे पत्र फक्त तुम्हाला. पाच आठवडे झाले, लिआतचं पत्र नाही, फोन नाही. तुम्ही माझं मागचं पत्र तिला वाचून दाखवलंत ना? सगळं? तुमच्या जागी मी असते तर शेवट गाळला असता, म्हणून विचारते. राग मानू नका.

ती जेवते का? रागात असली की पाव आणि चहावर राहते. तिला भाकरी आवडते, पण मागणार नाही.

जेमायमा


शुक्रवार, १३ फेब्रुवारी १९९८

माझ्या लिआत,

दोनला पोस्ट बंद होतं, मग शब्बाथ लागतो, शनिवारभर सगळं बंद, म्हणून घाईत लिहिते. मोठी बातमी आहे, पण ती मी क्रमानेच सांगणार.

तुझं पाकीट जानेवारीत आलं. त्यातलं तुझं पत्र माझ्यासाठी, दोन ओळींचं. "इमा, मी कंपनीला कळवलं. मी अजून रागावलेली आहे." ठीक आहे, राग असू दे. दुसरा कागद अमोसभाऊंच्या नावे होता. सुमनबाईंचं सुंदर गोल अक्षर, आणि खाली वेडीवाकडी सही, लिआत, मराठीत! 'लि'ची वेलांटी उलट्या बाजूला दिलीस, पण वाचता येते. कागदावर त्यांचं ते बोलणं पूर्ण लिहिलेलं आणि खाली एक प्रश्न. "तुम्ही हेच म्हणाला होतात का? काही राहिलं असेल तर सांगा."

म्हणजे मला त्यांच्याकडे जावंच लागणार होतं. हे तू मुद्दाम केलंस, माझीच मुलगी तू.

मी बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, कागद घेतला, चष्मा शोधला, उभ्याउभ्याच वाचला. मी म्हटलं, "भाऊ, मी साहेबाला पहिलंच वाक्य सांगितलं होतं. बाकीचं मी खाल्लं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "इंग्रजी नाही मला येत. पण मी एवढं बोललो आणि तू एवढुसं बोललीस. तेव्हाच कळायला हवं होतं, नंतर कळलं."

"माफ करा."

 त्यांनी मला ओट्यावर बसायला सांगितलं आणि स्वतः चहा केला. त्यात साखर घालायला विसरले की मुद्दाम घातली नाही, देव जाणे. मी निमूट प्यायले.

मग या मंगळवारी बँकेची माणसं पुन्हा आली. साहेब तोच, कंपनीची माणसं नवी. तू लिहून कळवलं होतंस म्हणे की बैठक कुणाच्या घरी नको, खाणंपिणं नको, आणि दुभाषी वस्तीबाहेरचा हवा. यरुशलेमहून येला नावाची एक मुलगी आली होती, तिच्या आजीकडून मराठी शिकलेली. बैठक झाली मिक्लातमध्ये, सुमनबाई, म्हणजे बॉम्ब पडले तर लपायच्या आमच्या तळघरात. पांढऱ्या दिव्याखाली सगळे थंडीने कुडकुडत होते, टेबलावर पाण्याचा एक तांब्यासुद्धा नाही. मला तर बाई लाजच वाटली, पाहुण्यांना असं कोरडं बसवायचं म्हणजे काय! पण लोक बोलले. अगं, काय बोलले! वाफेवाली रेचलमावशी तर भांडलीच. अमोसभाऊंनी सांगितलं ते येला थांबून थांबून सांगत होती. प्रत्येक वाक्यानंतर त्यांना विचारायची, "आजोबा, बरोबर?" आणि ते मान हलवायचे.

मी मागे भिंतीशी बसले होते. सगळ्यांचं झालं असं मला वाटलं. तेवढ्यात येलाने कागद बघितला आणि म्हणाली, "जेमायमाबाई, तुमचाही वाफा आहे ना? तुमचं काय म्हणणं आहे?"

 लिआत, मागच्या वेळी मी बाकी अकराजणांचं बोलले, पण वाफेवाल्या बारांत मीही आहे हे माझ्याच लक्षात नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.  उभी राहून म्हटलं, "अमोसभाऊ म्हणाले तेच. नाही." एवढंच. येलाने ते इंग्रजीत सांगितलं. तेवढंच सांगितलं. साहेबाने ते लिहून घेतलं.

काम थांबलंय. नवा नकाशा होईल म्हणतात, वरच्या अंगाने. पक्कं काही नाही. खुंट अजून तसेच आहेत, पण बुलडोझर आला नाही.

आणि तुझी भारतातली नेमणूक या महिनाअखेर संपवताहेत, ते तुझा फोन आल्यावर ओरनाने सांगितलं. तू लिहिलं नाहीस. माझ्यामुळे गेली ती. काय बोलू? तू सुमनबाईंना आणि त्या वाडीवरच्या बायकांना सोडून येणार, त्या बायकांनी आता कुठे पदर खाली घेतला होता, हेही ओरनाकडूनच कळलं. मला फार वाईट वाटतंय, आणि तू येणार म्हणून मी खोली झाडून घेतली आहे. दोन्ही खरं आहे. रागातच ये. रागात जेवता येतं.

परवा बुधवारी झाडांचा सण होता. कोकणात आम्ही त्या दिवशी मलिदा करायचो, इथेही करतो. या वेळी केला आणि कुणालाही काही विचारलं नाही, फक्त वाटला. अमोसभाऊ आले. जाताना अळूची जुडी दाराशी ठेवली, हानाच्या वाफ्यातली. मग परत वळले.

म्हणाले, "जेमा, पत्र लिहितेस ना पोरीला? तिला सांग, त्या दिवशी जे म्हटलं त्याचा पहिला भागही खरा होता. देव तिला मोठी करो म्हणालो होतो, ते मलिद्याच्या भिडेनं नव्हतं." पायरी उतरले, थांबले, आणि बोट वर करून म्हणाले, "आणि हे गाळू नकोस."

तुझी
आई